प्रगत चित्रकलेचा वर्ग: वर्षभर नेमकं काय करायचं असतं

हायस्कूलच्या शेवटच्या वर्षांत प्रगत चित्रकला घेणाऱ्या मुलांचा हात बहुधा चांगलाच असतो. हुबेहूब चेहरा जमतो, छायाप्रकाश जमतो, रंग कागदावर नीट बसतात. तरी पहिल्या महिन्यात ही मुलं गोंधळतात, कारण काय काढायचं हे इथे कुणी सांगत नाही. विषय स्वतः शोधायचा, तोच का निवडला हे सांगायचं आणि मग त्याला धरून महिनोन्‌महिने काम करायचं. सफाई इथे गृहीतच धरलेली असते. कस लागतो तो विचाराचा, आणि तो विचार कागदावर दिसतो की नाही याचा.

उदाहरणादाखल अमेरिकेतल्या हायस्कूलमधला 'एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) आर्ट अँड डिझाइन' हा अभ्यासक्रम घेऊ. त्यात रेखाटन, द्विमितीय आणि त्रिमितीय असे तीन पर्याय असतात आणि परीक्षा म्हणजे पोर्टफोलिओच, म्हणजे स्वतःच्या कामांचा संच. त्याचे दोन भाग. पहिला दीर्घ शोधाचा. त्यात १५ प्रतिमा आणि सोबत थोडं लेखन द्यायचं असतं, त्याला ६० टक्के वजन. दुसऱ्या भागात निवडक ५ कामं, त्यांना ४० टक्के. पंधराही प्रतिमा पूर्ण झालेल्या चित्रांच्या असाव्यात अशी अट नाही. कच्ची रेखाटनं, साहित्याच्या चाचण्या, अर्धवट टप्पे हेही चालतात, किंबहुना ते असावेतच. एआयने तयार केलेल्या प्रतिमांना कामाच्या कुठल्याही टप्प्यावर मनाई आहे. इतर अभ्यासक्रमांत आकडे बदलतात, पण एक प्रश्न, त्यामागचा शोध, त्याचे पुरावे आणि शेवटी निवड हा सांगाडा बहुतेक ठिकाणी सारखाच.

प्रश्न कसा हवा

सगळ्यात जास्त वर्षं वाया जातात ती इथे. 'एकटेपणा', 'निसर्ग', 'माझी ओळख' हे विषय झाले, प्रश्न नव्हेत. 'एकटेपणा' घेतला की खिडकीशी गुडघे पोटाशी धरून बसलेली मुलगी येते, दुसऱ्या चित्रात तीच पावसात येते, तिसऱ्यात आरशासमोर. चौथ्या चित्रापाशी विषय आटतो, कारण शोधण्यासारखं काही उरलेलंच नसतं. उत्तर पहिल्या दिवशीच ठरलेलं होतं.

तोच विषय असा अरुंद करून बघा: 'माणूस खोलीतून निघून गेल्यावर त्याच्या वापराच्या कोणत्या खुणा वस्तूंवर उरतात?' आता हाताला काम मिळालं. उशीवरचा खळगा कोळशाने काढता येतो. टेबलावरच्या ओरखड्यांवर पातळ कागद ठेवून मेणखडूने घासलं की खुणा थेट उमटतात. अख्खा कागद कोळशाने काळा करून खोडरबराने उजेड बाहेर काढता येतो, म्हणजे चित्र घडतंय तेच पुसण्यातून, आणि ही कृती विषयाशी जुळते. साहित्य, कृती आणि कल्पना एकमेकांना कसं धरून ठेवतात हे तपासणारे बघतात, ते हेच. 'मला जलरंग आवडतात म्हणून जलरंग' हे उत्तर प्रगत वर्गात तोकडं पडतं.

पाचसहा कामांनंतर कदाचित लक्षात येईल की अख्ख्या वस्तूपेक्षा नुसती खूणच जास्त बोलते आहे. मग वस्तू गाळायची आणि प्रश्न बदलून लिहायचा. प्रश्न बदलणं म्हणजे अपयश नव्हे, शोध चालू असल्याचं ते लक्षण आहे. उलट पंधराच्या पंधरा चित्रांची नावं पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलेली असतील तर मला काळजी वाटते. त्याला मालिका म्हणता येईल, शोध नाही.

एकच गोष्ट धरून बसलं तर कंटाळा येईल, अशी शंका हमखास येते. फ्रेंच चित्रकार मोनेने १८९०-९१ मध्ये गवताच्या गंजींची सुमारे २५ चित्रं केली. गंज तीच, पण ऋतू आणि उजेड दर वेळी वेगळा. चित्रकार जोसेफ आल्बर्सने १९५० मध्ये चौरसात चौरस मांडायला सुरुवात केली आणि १९७६ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो शेजारी-शेजारी आलेले रंग एकमेकांना कसे बदलवतात हेच तपासत राहिला. जपानी चित्रकार होकुसाईच्या फुजी पर्वताच्या मालिकेच्या नावात ३६ दृश्यं आहेत, पण काम वाढत गेलं आणि लाकडी ठशांची छापचित्रं झाली ४६. मर्यादा जितकी घट्ट, तितकी नजर बारीक होत जाते.

प्रश्न पक्का करण्याआधी तीन गोष्टी तपासा. त्यातून आत्ता, या बैठकीत, पाच वेगवेगळी छोटी संकल्पचित्रं निघतात का? दर आठवड्याला ती गोष्ट प्रत्यक्ष बघायला मिळणार आहे का? आणि उत्तर आधीच ठाऊक आहे का? पहिल्या दोन्हींना 'हो' आणि तिसऱ्याला 'नाही' आलं की सुरुवात करा.

स्केचबुक

ए-४ आकाराचं, १५० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम) आसपासचा कागद असलेलं, गुंडाळीच्या तारेने बांधलेलं पुरतं. आठवड्याला चारपाच पानं भरायची आणि प्रत्येक पानावर तारीख घालायची. पानावर काय हवं, तर छोटी संकल्पचित्रं, रंगांच्या मिश्रणाच्या पट्ट्या आणि त्यांखाली कोणता रंग किती घेतला याची नोंद, फसलेला प्रयोग आणि तो का फसला याच्या दोन ओळी, कुणाचं चित्र बघितलं आणि त्यातून नेमकं काय उचललं ते.

संकल्पचित्रं साधारण ५ गुणिले ७ सेंटिमीटरची असावीत. त्याहून मोठी झाली की मन तपशिलात शिरतं. एका चित्रासाठी निदान बारा काढा. पहिली चार कुणालाही सुचतील अशीच निघतात, कामाची मांडणी बहुधा आठव्या-नवव्यापुढे सापडते. त्यांतली तीन निवडून फक्त काळा, राखाडी आणि पांढरा अशा तीन छटांत पुन्हा काढा. इतक्या लहान आकारात चित्र वाचता आलं नाही, तर मोठं करूनही ते वाचता येणार नाही.

सगळी पानं शेवटच्या पंधरवड्यात सजवून भरलेली वही लगेच ओळखू येते. अक्षर एकसारखं, पेन एकच, चूक एकही नाही. पान फाडू नका, खाडाखोड झाकू नका. त्या खाडाखोडीलाच तर किंमत आहे.

समोर बघून काढणं

फोटोवरून काढण्याची सवय मोडायला वेळ लागतो, पण ती मोडावीच लागते. फोनच्या रुंद भिंगाने जवळून टिपलेल्या चेहऱ्यात नाक फुगतं आणि कान मागे पळतात. सावल्यांतला परावर्तित उजेड कॅमेरा गिळून टाकतो आणि तिथे सपाट काळं उरतं. ते जसंच्या तसं उतरवलं की चित्र कागदाला चिकटल्यासारखं दिसतं. इंटरनेटवरचा दुसऱ्याचा फोटो उतरवला तर नक्कल केल्याचा प्रश्न येतो तो वेगळाच. फोटो वापरायचाच असेल तर स्वतः काढलेला वापरा आणि जोडीला प्रत्यक्ष पाहून केलेलं एक तरी रेखाटन ठेवा.

मोजमापासाठी पेन्सिल हातात उभी धरून हात पूर्ण ताठ करायचा, एक डोळा मिटायचा आणि वस्तूची रुंदी अंगठ्याने पेन्सिलीवर पकडायची. कोपर जरा जरी वाकलं तरी पेन्सिलीचं डोळ्यापासूनचं अंतर बदलतं आणि प्रत्येक माप निराळं येतं. प्रमाण चुकण्याचं सगळ्यांत साधं कारण हेच असतं. दोन वस्तूंच्या मधल्या रिकाम्या जागेचा आकार आधी काढून पाहा. त्या आकाराला नाव नसल्यामुळे मेंदू तिथे पाठ केलेलं चित्र घुसडत नाही.

पेले आणि मडकी काढताना एक चूक वारंवार दिसते: वरचं तोंड छान लंबगोल आणि तळ मात्र सरळ रेषेत. डोळ्यांच्या पातळीवरचं वर्तुळ नुसती रेष दिसतं आणि पातळी खाली जाईल तसतसं ते उघडत जातं. म्हणजे टेबलावरच्या मडक्याचा तळ तोंडापेक्षा जास्त गोलाईचा हवा. आणि लंबगोलाची टोकं कधीही टोकदार नसतात, कितीही चपटा असला तरी तिथे वळणच असतं.

छायाभेदासाठी एकच दिवा ठेवा, एका बाजूने आणि थोडा वरून. बाकीचे दिवे बंद करा. छतावरचा पसरट उजेड वस्तूची घडण पुसून टाकतो. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत नऊ पायऱ्यांची पट्टी आधी करून घ्या आणि चित्र काढताना ती शेजारी ठेवा. बहुतेकांचं काम चौथ्या ते सहाव्या पायरीत घोटाळतं. गडद करायची भीती वाटते. डोळे किलकिले केले की तपशील विरघळतात आणि उजेडाचे मोठे तुकडे तेवढे उरतात. आधी ते तुकडे लावा, पापण्या आणि शिलाईचे टाके मागून. पेन्सिलीही तशाच निवडा. एचबीने कितीही दाबलं तरी काळं येत नाही, नुसती चमक येते आणि कागद घासला जातो. गडद भागासाठी ४बी, ६बी घ्या.

बैठकीची सुरुवात झटपट रेखाटनांनी करा: ३० सेकंदांची दहा, २ मिनिटांची पाच आणि मग २० मिनिटांचं एक. कागद ए-२ किंवा त्याहून मोठा घ्या आणि हात मनगटातून न फिरवता खांद्यातून फिरवा. वीस मिनिटांच्या चित्रातला जिवंतपणा या तीस सेकंदांतून येतो, म्हणून हा भाग गाळू नका.

साहित्य कुठे दगा देतं

कोळसा दोन प्रकारचा. वेलीच्या किंवा विलो झाडाच्या काड्यांचा कोळसा फुंकरीनेही उडतो, म्हणून मांडणी त्याने करायची. दाबून वड्या केलेल्या कोळशात चिकटवणारं द्रव्य असतं. तो गर्द काळा येतो, पण पूर्ण खोडला जात नाही. तो पहिल्याच फटक्यात वापरला की चूक कायमची राहते. शिसपेन्सिलीने आधी गडद भाग भरून वर कोळसा लावायला गेलात तर तो बसत नाही, कारण खालचा थर गुळगुळीत झालेला असतो. फिक्सेटिव्ह (कोळसा कागदावर पक्का करणारा फवारा) मारताना डबा साधारण ३० सेंटिमीटर दूर धरा, मोकळ्या हवेत, आणि एका जाड थराऐवजी दोनतीन पातळ थर द्या. जवळून मारलं की थेंब पडून डाग उठतात आणि छटाही गडद होतात.

जलरंगासाठी ३०० जीएसएमचा कागद घ्या. त्याहून हलका घेतला तर तो भिजवून, फळीवर चिकटपट्टीने ताणून वाळवावा लागतो, नाहीतर लाटा येतात आणि रंग खळग्यांत साचतो. अर्धवट वाळलेल्या थराला जास्त ओला कुंचला लागला की पाणी आधीचा रंग ढकलत नेतं आणि कडा फुटलेला फुलकोबीसारखा डाग पडतो. उपाय एकच: थर पूर्ण ओला असताना काम करा, नाहीतर पूर्ण वाळू द्या. मधल्या वेळात हात लावू नका. जलरंग वाळल्यावर फिका होतो, अॅक्रिलिक किंचित गडद. दोन्हींच्या चाचणीपट्ट्या वाळल्यावरच निर्णय घ्या.

अॅक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर अॅक्रिलिक चालत नाही. तेलकट थराला ते धरून राहत नाही आणि पुढे पापुद्रे सुटतात. तैलरंगातही खालचे थर कमी तेलाचे आणि वरचे जास्त तेलाचे हवेत, कारण जास्त तेलाचा थर सावकाश वाळतो. उलटं केलं तर वरचा थर आधी कडक होतो आणि खालचा हलत राहिल्याने तडे जातात.

ट्यूबमधून थेट काळा घेऊ नका असं मी आग्रहाने सांगेन. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सायना मिसळा. निळा जास्त असला तर थंड काळोख, तांबूस जास्त असला तर उबदार. त्यात पिवळा ऑकर आणि पांढरा घातला की चारच रंगांत आख्खं वस्तुचित्र होतं, आणि मुळात रंग मोजके असल्यामुळे चित्र आपोआप एकसंध राहतं.

एक गोष्ट सुरक्षिततेची. जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्यांचा बोळा करून टोपलीत टाकू नका. तेल वाळताना उष्णता निर्माण करतं आणि ती कोंडली तर चिंध्या आपोआप पेटू शकतात. त्या पसरून वाळवा, किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा.

त्रिमितीय काम निवडणाऱ्यांसाठी इतकंच: मातीचं काम भट्टीत फुटतं ते हवेच्या बुडबुड्यांमुळे, असा समज आहे. खरं कारण बहुतेकदा ओल असते. आत राहिलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती भिंत फोडते. म्हणून भिंती एक-दीड सेंटिमीटरपेक्षा जाड ठेवू नका, आतून पोकळ करा, हवा जायला एखादं छिद्र ठेवा आणि गालाला लावल्यावर गार लागेनाशी होईपर्यंत वस्तू वाळू द्या. जोड देताना दोन्ही कडांवर चरे पाडून मध्ये पातळ माती लावा. नुसती दाबून बसवलेली कड वाळताना सुटते.

चर्चा

चित्रं भिंतीवर लावून वर्गाने बोलायचं, हा या अभ्यासक्रमाचा कणा आहे. 'छान आहे', 'रंग आवडले' याने कुणाचंच काम पुढे सरकत नाही. एडमंड फेल्डमन या कलाशिक्षकाने मांडलेल्या चार पायऱ्या इथे फार उपयोगी पडतात: आधी वर्णन, मग विश्लेषण, मग अर्थ आणि शेवटी मत. पहिली दोनतीन मिनिटं कुणी बोलायचं नाही, नुसतं बघायचं. मग जे दिसतं तेवढंच सांगायचं, 'डाव्या कोपऱ्यात सर्वांत गडद भाग आहे' असं. त्यानंतर नजर कुठून कुठे जाते आणि कशामुळे. मग ते कशाविषयी वाटतं. मत सर्वांत शेवटी. ज्याचं चित्र आहे त्याने तोवर गप्प राहायचं आणि लिहून घ्यायचं. चित्राचा हेतू त्याने आधीच सांगून टाकला, तर चित्रातून तो पोहोचतो की नाही हे कधीच कळणार नाही.

चर्चा काम पूर्ण झाल्यावर ठेवणं मला चुकीचं वाटतं. साठ टक्के काम झालेलं असतानाच ठेवा. तेव्हा बदल करायला जागा असते आणि मनाची तयारीही असते. चर्चेनंतर त्याच आठवड्यात काय बदललं आणि काय मुद्दाम बदललं नाही हे वहीत लिहा, आधीचा आणि नंतरचा फोटो चिकटवा. सुधारणेचा याहून चांगला पुरावा नाही.

वेळ

कामाचे साधारण ३० आठवडे मिळतात असं धरा. पहिले चार सरावाला आणि प्रश्न शोधायला जातात. शेवटचे तीन फोटो, निवड आणि लेखनाला. उरले २३. त्यात दहाएक पूर्ण कामं करायची तर एका कामाला सव्वादोन आठवडे येतात, आणि उरलेल्या पाच प्रतिमा प्रक्रियेच्या. वर्गाबाहेर आठवड्याला चार ते सहा तास द्यावेच लागतात. हे तास एकाच दिवशी काढू नका. थर वाळायला वेळ लागतो आणि दमलेला डोळा प्रमाण चुकवतो. एका वेळी दोन कामं चालू ठेवा, म्हणजे एक वाळत असताना दुसऱ्यावर बसता येतं.

फोटो आणि लेखन

तपासणारे पडद्यावरच बघतात, त्यामुळे वाईट फोटो म्हणजे त्यांच्या लेखी वाईट चित्र. चित्र भिंतीवर सरळ लावा, कॅमेरा चित्राच्या मध्याच्या उंचीवर आणि चित्राला समांतर ठेवा. अगदी जवळ जाऊन रुंद भिंगाने टिपलं तर कडा बाहेर फुगतात, म्हणून मागे सरकून जरा लांबचं भिंग वापरा. फोनच्या पडद्यावर चौकटींच्या रेषा चालू केल्या की तिरकेपणा लगेच कळतो. ढगाळ दिवसाचा उजेड उत्तम. तो नसेल तर एकाच रंगाचे दोन दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत ठेवा. फ्लॅश नको, त्याने शिसपेन्सिल आणि तैलरंग चमकतात. कडेला राखाडी कागदाची पट्टी ठेवून तिच्यावरून पांढऱ्याचा तोल (व्हाइट बॅलन्स) जुळवा आणि मग ती कापून टाका. फिल्टर लावू नका, उजळपणा मूळ चित्राशेजारी धरून तपासा. शिल्पाला साधी राखाडी पार्श्वभूमी द्या आणि निदान दोन बाजूंनी फोटो घ्या.

लेखनाला जागा थोडी असते, तेव्हा विशेषणं गाळा. 'मी भावनांना वाट करून देण्यासाठी रंगांचा सुंदर वापर केला' यातून काही कळत नाही. 'खोडरबराने कोळसा काढून उशीवरचा खळगा घडवला. चौथ्या कामानंतर उशीची बाह्यरेषा गाळली, कारण तिच्याशिवाय खळगा शरीरासारखा वाचला जात होता' यातून कृती, निर्णय आणि कारण तिन्ही कळतात. प्रत्येक प्रतिमेबरोबर साहित्य, कृती आणि माप द्यावं लागतं. माप उंची, रुंदी, खोली या क्रमाने आणि काम पूर्ण होईल त्याच दिवशी वहीत टिपा. एखादं काम मध्येच कुणाला दिलं किंवा फाटलं तर शेवटी मोजायला काही उरत नाही.

प्रतिमांचा क्रम तारखेप्रमाणेच लावायला हवा असं नाही. सगळ्यांच्या छोट्या प्रती छापून जमिनीवर पसरा आणि शोध कुठून कुठे गेला हे न बोलता कळेल असा क्रम लावून पाहा. वर्गाबाहेरच्या, ज्याने तुमचं काम आधी पाहिलेलं नाही अशा कुणाला तरी बोलवा आणि प्रश्न काय असावा ते ओळखायला सांगा. त्याला भलतंच उत्तर सुचलं तर बहुधा दोन मोठ्या कामांच्या मधला टप्पा गळलेला असतो. तिथे एखादी चाचणीपट्टी किंवा स्केचबुकचं पान घाला आणि पुन्हा विचारा.